पाच वीस की साडेपाच? हॅनबरी स्ट्रीटच्या वेळांचा हिशोब

१ जून

तर सुरू केलं एकदाचं. लंडन, ८ सप्टेंबर १८८८, शनिवारची पहाट, व्हाइटचॅपलच्या बाजूला २९ हॅनबरी स्ट्रीटच्या मागच्या अंगणात अॅनी चॅपमन नावाच्या ४७ वर्षांच्या बाईचा खून. जॅक द रिपर म्हणून जे प्रकरण जगभर गाजलं त्यातलं हे एक. मला खुनी कोण याच्यात काडीचा इंटरेस्ट नाहीये, त्यावर लोकांनी आयुष्यं घालवलीत. मला फक्त एकच छोटी गोष्ट बघायचीये, की खून किती वाजता झाला, कारण तिथे चार माणसं चार वेळा सांगतात आणि त्या एकमेकीत बसत नाहीत.

थोडक्यात असं. बाजारात काम करणारा जॉन रिचर्डसन म्हणतो मी पावणेपाचच्या सुमाराला त्याच अंगणात उतरणाऱ्या पायरीवर बसलो होतो, प्रेत नव्हतं. शेजारच्या २७ नंबरातला सुतार आल्बर्ट कॅडॉश म्हणतो पाच वीसला कुंपणापलीकडून "नो" असं ऐकलं, मग तीन-चार मिनिटांनी कुंपणावर काहीतरी आपटलं. एलिझाबेथ लाँग म्हणते साडेपाचला मी त्या बाईला घरासमोर एका माणसाशी बोलताना पाह्यलं, जिवंत. आणि पोलिसांचे डॉक्टर जॉर्ज बॅग्स्टर फिलिप्स साडेसहाला प्रेत बघून म्हणतात मरून कमीत कमी दोन तास झालेत. म्हणजे साडेचार किंवा त्याच्या आधी.

आता कुंपणावर आपटल्याचा आवाज बाई जिवंत दिसायच्या आधीच येतो आणि डॉक्टरांच्या हिशोबाने तर ती रिचर्डसन यायच्या आधीच मेलेली आहे. मजा आहे.

शीट उघडली, कॉलम टाकले: कोण, काय, किती वाजता, किती खात्रीने. संशयितांचा कॉलम टाकायचा नाही हा नियम, नाहीतर आपण नकळत वेळा आपल्या आवडत्या माणसाकडे सरकवायला लागतो.

३ जून

अख्खी संध्याकाळ एका फालतू चुकीत गेली. तेव्हाचे इंग्रजी पेपर वेळ टिंब देऊन छापायचे, ५.३० असं, मी तसंच कॉपी केलं आणि शीटने ते पाच पूर्णांक तीन दशांश धरलं. ग्राफवर लाँगबाई पाच अठराला उभ्या, कॅडॉशच्या मागे फक्त सहा मिनिटं, आणि मी दहा मिनिटं खूश होऊन बसलो की अरे वाद तर संपलाच. मग कळलं. सगळ्या वेळा हाताने मध्यरात्रीपासूनच्या मिनिटांत बदलल्या. पाच वीस म्हणजे ३२०, साडेपाच म्हणजे ३३०. आता बरं वाटतंय.

दुसरी अडचण जास्त खरी आहे. या मृत्यूची कोर्टात जी चौकशी झाली तिचे मूळ कागद उरलेले नाहीत, आपल्याकडे आहेत ते वर्तमानपत्रांचे वृत्तांत, आणि एकाच साक्षीत एका पेपरात एक आकडा तर दुसऱ्यात दुसरा. प्रेत सापडल्यावर इन्स्पेक्टर जोसेफ चँडलरला कमर्शियल स्ट्रीटवर माणसं पळत येताना कधी दिसली तर कुठे सहा वाजून दोन, कुठे सहा दहा. तोच माणूस, तीच साक्ष. म्हणजे साक्षीदाराचं घड्याळ चुकायच्या आधी बातमीदाराची पेन्सिल चुकलेली असू शकते. एक कॉलम वाढवला, "वृत्तांतात फरक आहे का". चँडलरसमोर हो.

आठ मिनिटांचा फरक इथे चालून जाईल, पण जिथे भांडणच दहा मिनिटांचं आहे तिथे काय करायचं?

७ जून

रिचर्डसन. याच्यावर दोन दिवस घालवले आणि वेळ वाया गेला असं वाटत नाहीये.

याची आई अमेलिया त्या घरात राहायची, पॅकिंगची खोकी बनवायचा धंदा, मागे तळघरात सामान. पूर्वी तिथून हत्यारं चोरीला गेली होती म्हणून बाजाराच्या दिवशी हा कामाला जाता जाता तळघराचं कुलूप बघून जायचा. त्या दिवशी पावणेपाच ते चार पन्नासच्या दरम्यान आला, मागचं दार उघडलं, पायरीवर बसला, बुटाचं चामडं टोचत होतं ते सुरीने थोडं कापलं आणि गेला. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. आणि प्रेत सापडलं ते कुठे, तर त्याच पायऱ्यांच्या डाव्या बाजूला, कुंपण आणि पायऱ्यांच्या मधल्या जागेत, डोकं घराच्या भिंतीपासून दोनएक फुटांवर. हा म्हणतो ती तिथे असती तर मला दिसल्याशिवाय राहिलीच नसती.

याला खोटं पाडायला तीन गोष्टी सांगतात. एक, दार डावीकडे उघडतं आणि आपोआप मिटायला बघतं, म्हणजे दाराच्या पल्ल्याने डावीकडची जागा झाकली असेल. दोन, त्याच सकाळी चँडलरशी बोलताना त्याने पायरीवर बसून चामडं कापल्याचं सांगितलं नव्हतं, ते नंतर आलं. तीन, सुरी. कोर्टाने ती आणायला लावली, तर ती जेवणाच्या टेबलावरची मोडकी सुरी निघाली आणि मग कळलं की तिने नीट कापलंच गेलं नव्हतं, बाजारात जाऊन दुसरी मागून घेतली. मला यात खोटं काही वाटत नाही. सकाळी पावणेसातला अंगणात प्रेत पडलंय, पोलीस विचारतोय काय पाहिलंस, तेव्हा "साहेब मी इथेच बसून सुरी चालवत होतो" हे कोण आपणहून सांगेल.

पण माझा मुद्दा उजेडाचा आहे. तो म्हणतो पूर्ण उजाडलं नव्हतं पण सगळं दिसत होतं. हे तपासता येतं की! सूर्याला साक्षीदारांशी काही देणंघेणं नाही. लंडनचा अक्षांश, ८ सप्टेंबर, गणित मांडलं तर सूर्योदय येतो ५:२४ ला आणि सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांवर असतो ती वेळ, म्हणजे ज्याला झुंजुमुंजू म्हणतो ते सुरू होतं ४:५० ला. बरोब्बर रिचर्डसन पायरीवर होता तेव्हा. त्याचं वर्णनही तेच आहे, ना रात्र ना दिवस. त्याची वेळ आणि त्याने सांगितलेला उजेड एकमेकांना धरून आहेत, आणि ४:३० ला आला असता तर त्याने असं वर्णन केलं नसतं.

८ जून

आज गाढवपणा करून पाह्यला. बिल्डिंगच्या मागच्या जिन्याला तीन पायऱ्या आहेत, आदल्या रात्री तिथे डाव्या हाताला एक सिमेंटचं रिकामं पोतं जुनी चादर भरून आडवं ठेवलं आणि पहाटे अलार्म लावून उठलो. आपल्याकडे संधिप्रकाश लंडनपेक्षा लवकर उरकतो, त्यांच्याकडे त्या तारखेला चौतीस मिनिटं, आपल्याकडे जूनमध्ये चोवीसच्या आसपास, पण सूर्य सहा अंश खाली असताना उजेड किती ते तर सारखंच असणार. ढग होते. कोपऱ्यावरचा दिवा वॉचमनकाकांना सांगून बंद करून घेतला, त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडमना माहितीये ना?"

पोतं दिसलं. रंग नाही कळला, चादरीची डिझाइन नाही कळली, पण काहीतरी आडवं पडलंय हे न बघता पण दिसत होतं. दार अर्धवट उघडं धरून नुसतं डोकं बाहेर काढून पाह्यलं तेव्हा मात्र खरंच नाही दिसलं. म्हणजे सगळं एका प्रश्नावर येऊन थांबतं, तो पायरीवर बसला की दारातनं डोकावला? चँडलर स्वतःच म्हणाला होता की पायऱ्या न उतरता नुसतं दार उघडणाऱ्याला प्रेत दिसलं नसण्याची शक्यता आहे. पण मग बुटाची गोष्ट त्याने मुद्दाम रचली म्हणावं लागेल आणि ती रचून त्याचा फायदा काय, उलट सुरीसकट स्वतःला घटनास्थळी बसवून घेतलं.

रिचर्डसन: वेळ चांगली, जागा चांगली, कथा जराशी उसवलेली. हिरवा रंग.

१२ जून

कॅडॉश. हा माझा लाडका झालाय, कारण हा माणूस फुगवून काही सांगतच नाही.

सव्वापाचच्या सुमाराला उठलो. अंगणात गेलो, तेव्हा पाच वीस झाले असतील असं वाटतं. परत घरात शिरताना "नो" ऐकलं, कुठल्या बाजूने ते छातीठोक नाही सांगता येणार, २९ मधूनच असावं. आत गेलो, तीन-चार मिनिटांनी परत अंगणात आलो, तेव्हा कुंपणावर काहीतरी पडल्यासारखं झालं. डोकावून पाह्यलं नाही. ज्युरीने विचारलं, का रे बाबा, एवढी पण उत्सुकता नाही? तर म्हणतो ते पॅकिंगवाले लोक आहेत, अधूनमधून एखादं मोठं खोकं कुंपणाला लागतं, आणि मी माझ्या कामाच्या विचारात होतो. कुंपण साडेपाच फुटांचं. टाचा उंचावल्या असत्या तर कदाचित एकशेतीसहून जास्त वर्षांचा वादच उरला नसता.

आता वेळ बघू. पाच वीस हा नुसता अंदाज आहे, "असं वाटतं". पण नंतर एक पक्की गोष्ट येते, कामाला जाताना स्पिटलफील्ड्सच्या चर्चपाशी पोचलो तेव्हा साडेपाचवर दोन मिनिटं झाली होती. चर्चचं घड्याळ. तिथनं उलटं मोजायचं. २७ नंबरपासून चर्चपर्यंत चार-पाच मिनिटांची चाल, म्हणजे घर सोडलं ५:२७-२८ ला. आवाजानंतर आत जाऊन लगेच निघाला असं धरलं तर आपटणं ५:२४ ते ५:२६, "नो" त्याच्या तीन-चार मिनिटं आधी, ५:२० ते ५:२३. पुढनं मोजा की मागनं मोजा, उत्तर तिथल्या तिथेच येतं.

म्हणजे त्याचा अंदाज बरोबर निघाला आणि ते त्याला स्वतःलाही माहीत नसावं.

१३ जून

शीट मोडून परत मांडली. "किती वाजता" हा कॉलमच चुकीचा होता असं कळलं. आता दोन कॉलम: खुंटी आणि दोरी. खुंटी म्हणजे ज्या घड्याळाला, टोल्याला, उजेडाला ती वेळ बांधलीये ते. दोरी म्हणजे खुंटीपासून घटनेपर्यंतचं अंतर, जे माणसाने डोक्यात मोजलंय. चर्चचं घड्याळ ही कॅडॉशची खुंटी, आठेक मिनिटांची दोरी. रिचर्डसनची खुंटी आकाश, दोरी जवळजवळ शून्य. ज्याने प्रेत पहिल्यांदा पाह्यलं तो जॉन डेव्हिस, त्याच घरात वरच्या मजल्यावर राहणारा, त्याने अंथरुणात असताना चर्चचा पावणेसहाचा टोला ऐकला, मग उठून चहा केला, मग खाली. खुंटी पक्की, दोरी एका चहाची. त्यामुळे सहाला थोडं कमी असताना प्रेत सापडलं यावर कोणी भांडत नाही.

खुंटी हा शब्द मावसभावाला आवडला, दोरीला तो रबर म्हण म्हणाला. नाही म्हणणार.

१५ जून

काल रात्री बाबांना सहज विचारलं की परवा गॅस सिलिंडरवाला किती वाजता आला होता. म्हणाले साडेनऊ. आई म्हणाली साडेनऊ काय, दहा तरी, माझी पोळ्यांची कणीक मळून झाली होती. बाबा म्हणाले मी पेपरचं शेवटचं पान वाचत होतो. दोघंही ठाम आणि दोघांनीही वेळ कामाला बांधलेली, घड्याळाकडे कोणीच बघितलेलं नाही. सोसायटीच्या कॅमेऱ्यात पाह्यलं तर ९:५२. मी जिंकल्याच्या थाटात सांगायला गेलो तर बाबा म्हणाले त्या कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे हे कोणी सांगितलं तुला? बघितलं. सात मिनिटं पुढे होतं. म्हणजे ९:४५, दोघांच्या बरोब्बर मधोमध, आणि दोघंही आता मीच बरोबर होतो म्हणून बसलेत.

बाबांचा प्रश्न वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवला. खुंटीचं पण घड्याळ तपासायचं. ब्रिटनमध्ये ग्रिनिचची वेळ कायद्याने सगळीकडे लागू झाली ती १८८० साली, म्हणजे ज्या शहरात हा खून झाला तिथे आठच वर्षं झाली होती, आणि कायदा झाला म्हणून चर्चचं घड्याळ आणि दारूच्या कारखान्याचं घड्याळ एकाच मिनिटाला वाजायला लागतात असं नाही. आपल्या मुंबईतच बघा, १९५५ पर्यंत शहर आपली वेगळी वेळ पाळत होतं, प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे. आजी सांगायची की नऊला भेटू म्हटलं की विचारावं लागायचं, कुठले नऊ?

१८ जून

लाँगबाई. इथे गाडी अडली.

त्या स्पिटलफील्ड्स मार्केटला निघालेल्या, हॅनबरी स्ट्रीटने. २९ नंबरच्या बंद झडपांपाशी एक बाई आणि एक पुरुष. बाईचा चेहरा दिसला, पुरुषाचा नाही, त्याची पाठ होती. तो म्हणाला "विल यू?", ती म्हणाली "येस". वेळ? साडेपाच, खात्रीने, कारण ब्रिक लेनच्या ब्रुअरीच्या, म्हणजे दारूच्या कारखान्याच्या घड्याळाने नुकताच साडेपाचचा टोला दिला होता. आणि मार्केटला पोचले तेव्हा साडेपाच वाजून काही मिनिटं झाली होती. चार दिवसांनी, १२ तारखेला, शवागारात जाऊन तिने ओळख पटवली की हीच ती.

कागदावर बघितलं तर ही सगळ्यात भारी साक्ष. खुंटी टोल्याची, दोरी शून्य, वर मार्केटची दुसरी खुंटी. पण ती खरी मानली तर कॅडॉशच्या कुंपणावर पाच पंचविसाला काय आपटलं? बाई अजून पुढच्या दारात गप्पा मारतीये.

माझे आजोबा गिरणीत होते, लालबागला राहायचे. त्यांची सगळी वेळ भोंग्यावर. पहिला भोंगा म्हणजे उठा, दुसरा म्हणजे निघा. आणि त्यांच्याच तोंडून ऐकलेलं, की एकदा पहिल्या भोंग्याला दुसरा समजून अर्धवट आंघोळ करून गेटवर जाऊन उभे राह्यले आणि गेट बंद. आवाज खरा होता, ऐकला खरा होता, फक्त कितवा ते चुकलं. टोल्याची गंमत हीच आहे, घड्याळ बघणारा माणूस काटे बघतो, टोला ऐकणारा आधीच मनात धरलेल्या वेळेला तो टोला चिकटवतो. लाँगबाईंनी टोला ऐकला यावर माझा विश्वास आहे. तो साडेपाचचा होता यावर आता तितका नाही.

शिवाय दुसरी गोष्ट. अशी जोडपी तिथे नेहमी दिसतात का विचारल्यावर त्या म्हणाल्या, हो, सकाळी कितीतरी उभी असतात, म्हणून तर मी फार लक्ष दिलं नाही. लक्ष दिलं नाही, चार दिवसांनी ओळखलं, आणि साक्ष दिली १९ सप्टेंबरला. वेळेपेक्षा मला चेहऱ्याचीच जास्त काळजी वाटते.

२१ जून

चौकशी चालवणारा कोरोनर विन बॅक्स्टर, याने २६ सप्टेंबरला समारोप करताना यातनं वाट काढली. त्याचं म्हणणं, कॅडॉश पंधरा मिनिटांनी जरी चुकला असेल तर सगळा विरोध मिटतो. म्हणजे लाँगबाई साडेपाचला बरोबर, कॅडॉशचं पाच वीस खरं म्हणजे पाच पस्तीस.

मला हे अजिबात पटत नाही. पंधरा मिनिटं कॅडॉशला सरकवायची तर त्याची चर्चची खुंटी पण पाच बत्तीसवरून पावणेसहाच्या पुढे न्यावी लागते, आणि ती तर सगळ्यात मजबूत होती. बॅक्स्टरने दोरी ताणली असं दाखवून खुंटीच उपटली. त्यापेक्षा लाँगबाईंना मागे सरकवणं सोपं, टोला सव्वापाचचा होता म्हटलं की जोडपं ५:१६ ला दिसतं, "नो" ५:२१ ला, आपटणं ५:२५ ला, एकदम गोंडस क्रम लागतो. गोंडस लागतो म्हणूनच मी थांबलो. असं केलं तर मी पण बॅक्स्टरच झालो, फक्त दुसऱ्याला ढकलला. आणि मार्केटला पोचायची वेळ? ती पण सरकवायची? एक आकडा हलवायला गेलं की त्याच्या मागे दुसरा निघतो, स्वेटरच्या सुटलेल्या लोकरीसारखा.

तूर्त लाँग पिवळ्या रंगात.

२५ जून

डॉक्टर. इतके दिवस टाळत होतो.

डॉ. फिलिप्सना ६:२० ला बोलावणं गेलं, ६:३० ला आले. अंग गार, फक्त आत पोटात थोडी ऊब शिल्लक, हातपाय कडक व्हायला नुकती सुरुवात. मत: कमीत कमी दोन तास, बहुधा जास्तच, पण सकाळ बऱ्यापैकी गार होती आणि शरीरातलं बहुतेक रक्त गेल्यामुळे ते लवकर गार पडलं असणार.

या "पण" वर आजवर शाई सांडलीये. "पण" कशाला लागतो, "बहुधा जास्त" ला की "कमीत कमी दोन" ला पण? बॅक्स्टरने दुसरा अर्थ घेतला. उलट चीफ इन्स्पेक्टर स्वॉन्सनने ऑक्टोबरात गृहखात्यासाठी अहवाल लिहिला त्यात डॉक्टरांची वेळ खरी धरली तर रिचर्डसनला प्रेत दिसलं कसं नाही हे समजणं अवघड आहे असं लिहून लाँगबाईंच्या साक्षीवर शंका घेतलीये. म्हणजे तेव्हाच दोन शहाणी माणसं दोन बाजूंना.

मी सुरुवातीला डॉक्टरांना वेगळ्या रांगेत ठेवलं होतं, "वैद्यकीय पुरावा" अशी फोल्डरपण केली होती. आज ती फोल्डर काढून टाकली. डॉक्टर पण एक साक्षीदारच, त्यांची खुंटी ६:३० ची आणि दोरी दोन तासांची, सगळ्यात लांब दोरी यांचीच. आणि ती मोजली कशाने, तर हाताने, थर्मामीटर लावल्याचा उल्लेख नाही. आजही शरीराचं तापमान यंत्राने मोजून, वजन, कपडे, हवा सगळं धरून हेन्सगेच्या तक्त्यावर काढलं तरी चांगल्यात चांगल्या परिस्थितीत उत्तर अधिक-उणे २.८ तास असं येतं. मग १८८८ साली तळहाताने काढलेल्या दोन तासांत एक तासाची चूक निघाली तर डॉक्टरांचा अपमान नाही तो.

इथे संपवून झोपायला गेलो होतो, परत उठलो. कारण प्रामाणिकपणे बघायचं तर डॉक्टरांच्या बाजूने एक जोरदार गोष्ट आहे. तीन आठवड्यांनी, ३० सप्टेंबरला मायटर स्क्वेअर नावाच्या चौकात कॅथरीन एडोजचा खून, याच रिपर प्रकरणातला. जखमा तशाच, पोट तसंच उघडं, आणि रात्र असल्याने हवा काही उबदार नव्हती. तिथे वेळ पक्की आहे, कॉन्स्टेबल वॉटकिन्स दीडला चौकातून गेला तेव्हा काही नव्हतं आणि १:४४ ला प्रेत. डॉ. गॉर्डन ब्राउन दोन वाजून गेल्यावर पोचले, म्हणजे मरून अर्धा-पाऊण तास, आणि ते म्हणतात अंग चांगलंच गरम, ताठरपणा अजिबात नाही. चॅपमन ५:२५ ला मेली असेल तर फिलिप्स आले तेव्हा एक तास पाच मिनिटं झाली होती. पाऊण तासाला "चांगलंच गरम" आणि एक तास पाच मिनिटांना "गार आणि कडक व्हायला सुरुवात"? वीस-पंचवीस मिनिटांत एवढा फरक पडतो का? दोन डॉक्टर, दोन हात, एकाचं गार दुसऱ्याचं कोमट असू शकतं, चॅपमन आजारी आणि खंगलेली होती हेही खरं. पण हे मला टोचतंय आणि ते टोचत राहू देणार आहे, शीटमध्ये लाल शाईत लिहिलंय.

२९ जून

मावसभाऊ म्हणाला एवढं करतोयस तर सिम्युलेशन मार ना, प्रत्येकाच्या वेळेला थोडी चूक जोडून दहा हजार वेळा पत्ते पिसायचे आणि बघायचं कितीदा काय निघतं. पायथनमध्ये एका दुपारचं काम. केलं. भारी ग्राफ आला, एक गोल टेकडी, शेंडा पाच वीसच्या पुढे. बायकोला दाखवला तिने विचारलं, "डॉक्टरांची चूक किती धरलीस?" म्हटलं दीड तास. म्हणाली, "पाऊण धर." धरली. टेकडी सरकली आणि दोन शेंडे झाले. म्हणाली, "मग यात कॉम्प्युटरने काय केलं?"

काही नाही. मी जे आत घातलं तेच रंगवून बाहेर आलं. ग्राफ डिलीट केला. दुपार गेली.

पण एक गोष्ट मात्र त्यातनं हाती लागली, ती मिनिटांची नाही. डॉक्टर बरोबर असतील तर बाकी तिघं एकदम चुकावे लागतात, आणि तेही तीन वेगवेगळ्या प्रकारे: रिचर्डसनला पायाशी पडलेलं प्रेत दिसू नये, कॅडॉशच्या कुंपणाला दुसरंच काहीतरी लागावं, लाँगने दुसऱ्याच बाईला ओळखावं. एकेक गोष्ट सहज शक्य आहे. पण कॅडॉशचं नीट बघा, आपटण्याबद्दल तो ठाम आहे, २७ आणि २९ च्या मधल्या कुंपणावर. प्रेत जर साडेचारपासून तिथे पडलेलं असेल तर पाच पंचविसाला त्या अंगणात कुंपणाला धडकणारं कोण? दुसरं कोणी असतं तर ते प्रेत बघून ओरडलं असतं. डेव्हिसने सहाच्या आधी ओरडा केला तोवर कोणी केला नाही.

म्हणून मी कॅडॉशला सगळ्यात वर ठेवला. रिचर्डसन दोन, डॉक्टर आणि लाँग तिसऱ्या जागेवर, एकाच ओळीत, जे दोघांनाही आवडलं नसतं.

२ जुलै

शीट आज बंद करतोय. वरची ओळ अशी झाली: चार पन्नासला अंगण रिकामं, पाच वीस ते पाच सव्वीस कॅडॉश, सहाला थोडं कमी असताना डेव्हिस. या तीन खुंट्या आकाशाला आणि एकाच चर्चच्या घड्याळाला ठोकलेल्या आहेत, त्यामुळे ते घड्याळ स्वतः चुकलेलं असलं तरी कॅडॉश आणि डेव्हिस दोघं बरोबरच सरकतील, त्यांच्यातलं अंतर तेच राहील. लाँगबाईंची खुंटी दुसऱ्या घड्याळाची, ब्रुअरीच्या. हे आधी लक्षातच आलं नव्हतं माझ्या. दोन घड्याळांत पाच-सात मिनिटांचा फरक असेल, आमच्या कॅमेऱ्यासारखा, तर पंधरा मिनिटांचा टोला चुकला म्हणायची गरज पण उरत नाही, दहाचं भांडण तीन-पाचवर येतं. तिचा रंग पिवळाच ठेवलाय, पण जरा फिकट पिवळा.

लाल शाईतलं मायटर स्क्वेअरचं वाक्य तसंच आहे.

पुढची शीट त्याच चौकाची करणार. तिथे तीन माणसं क्लबातून दीडला उठली आणि त्यांनी क्लबचं घड्याळ बघितलेलं, त्यातल्या एकाने स्वतःचं मनगटा... नाही, खिशातलं घड्याळ पण. मनगटावरचं लिहिणार होतो, बाबा ओरडले असते. सोसायटीच्या कॅमेऱ्याची वेळ सेक्रेटरीकाकांना सांगून दुरुस्त करून घेतली आज, आता तो दोन मिनिटं मागे आहे.